मागचं अंग

देवाजींनी काचेवर पंजा टेकवला, तसा पहारेकरी धोंडबा स्टुलावरूनच ओरडला,

"हात काढा बुढेबाबा! आत्ताच पुसली काच."

"हे उलटं लावलं गा."

"काय उलटं?"

"लुगडं. मागचं अंग पुढं करून टांगलं."

धोंडबानं एकदा लुगड्याकडं पाहिलं, एकदा देवाजींकडं, आणि हसला. "आठ महिने झाले. दुनिया पाहून गेली. तुमालेच बरं दिसलं!"

"त्यायनंच विणलं ते," शामला म्हणाली. सासऱ्यांची बाही तिनं अजून सोडली नव्हती. काचेखालची पट्टी तिनं मघाशीच त्यांना वाचून दाखवली होती. रेशीमकाठी नागपुरी लुगडं, सन अठ्ठावन्नच्या मेळ्यातलं पहिलं बक्षीस, विणकर देवाजी. नाव ऐकून म्हातारा ताठ झाला होता. मग नजर वर गेली, आणि काठावरचे रेशमाचे सुटे, लोंबते धागे दिसले.

सोळा वर्षांपूर्वी बक्षीस देऊन मेळेवाल्यांनी लुगडं ठेवून घेतलं होतं. आज संग्रहालयाच्या या जुन्या दगडी हॉलात, कबुतरं घुमणाऱ्या उंच छताखाली देवाजींचं नाव होतं आणि नावावर कापडाची पाठ होती.

एक जोडपं काचेपाशी थांबलं.

"याले पहिलं बक्षीस?" बाई नवऱ्याला म्हणाली. "धागे तर पाहा कसे निघाले. याच्याहून बरं गांधीबागेच्या बाजारात भेटते."

देवाजींनी मान खाली घातली. तो विणकर मी, असं सांगायचीही सोय नव्हती.

"चावी कोणापाशी राह्यते?" त्यांनी धोंडबाला विचारलं.

"साहेबापाशी. ते जेवायले गेले."

"मग बसतो."

खांबाच्या बुडाशी ते बसले. तास गेला, दुसरा सरत आला. शामला दोनदा दारापर्यंत जाऊन आली.

"मामाजी, चला ना. घरी नळ येऊन जाईन."

"खाली नाव माह्यं आहे वं. कसा जाऊ?"

साहेब आले. भला माणूस होता. ऐकून घेतलं, ओशाळला, स्वतः कपाट उघडलं. डांबराच्या गोळ्यांचा वास बाहेर आला.

"तुम्हीच धरा ते टोक," साहेब म्हणाले. "तुमच्याइतकं कोण जाणतं?"

देवाजींनी कापड हातात घेतलं, डोळ्यांशी नेलं. आणि तेव्हा त्यांना गाठी दिसल्या.

बारीक, दुहेरी, डावीकडं कललेल्या. त्यांची बायको कौसल्या डावखुरी होती. मागावर ताण्याचा धागा तुटला की देवाजी नुसते "तुटला" म्हणायचे. ती चुलीपुढून उठायची, ओल्या बोटांनी गाठ मारायची, शेपूट मागं सारायची. माग खडखडायचा, ती गुणगुणायची. "पुढचं अंग तुमचं," हसून म्हणायची, "मागचं माह्यं. तिकडं कोण पाहून राहिलं?"

तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. मागावरचं एकही लुगडं घरात उरलं नव्हतं. उतरलं की बाजारात जायचं. ती जन्मभर गिरणीचंच नेसली.

"फिरवा आता," साहेब म्हणाले.

देवाजींचा अंगठा एका गाठीवर थांबला होता.

"साहेब..."

"काय?"

शामला पाहत होती. धोंडबा स्टूल सोडून उभा राहिला होता. दोन तास या माणसांना धरून ठेवलं होतं, ते एवढ्याचसाठी.

"काही नाही," देवाजी म्हणाले.

त्यांनी टोक उचललं. साहेबांनी दुसरं उचललं. कापड हवेत वळलं. गाठी भिंतीकडं गेल्या. पुढं काठ आला, अंजिरी, सरळ, एकही धागा न चुकलेला. साहेबांनी टाचण्या लावल्या, काच ओढली, चावी फिरवली.

"वा! आता?"

"आता बरोबर आहे."

"मानलं तुमाले बुढेबाबा," धोंडबा म्हणाला. "हे तर येगळंच लुगडं दिसून राहिलं."

बाहेर पायऱ्यांवर ऊन कललं होतं. शामलानं विचारलं,

"झालं ना मामाजी, मनासारखं?"

देवाजींनी मान हलवली. चालता चालता ते खांद्यावरच्या दुपट्ट्याचा एक सुटा धागा डाव्या हातानं दोनदा वळवून पाहत होते. गाठ काही बसत नव्हती.