साडेचारशेची ओळख

पंधरा हजार म्हणजे पंधरा हजार. चौदा हजार साडेपाचशेला कुणी पंधरा हजार म्हणत नाही. एवढं साधं गणित माझ्या धाकट्या भावाला कळू नये, आणि हा माणूस बँकेत बसून दिवसभर लोकांचे पैसे मोजतो!

पहिल्यापासून सांगते. माझं पार्लर आहे, बारा वर्षं झाली. मालकाने भाडं वाढवलं म्हणून मी शेजारच्या गल्लीत लहान गाळा घेतला, आणि तिथे माझी मोठी हायड्रॉलिक खुर्ची काही मावेना. दार उघडलं की खुर्चीवर आपटायचं. म्हणून जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर तिचा फोटो टाकला आणि किंमत लिहिली अठरा हजार. दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरचा सलूनवाला आला, खुर्चीत बसला, गरागरा फिरला, मानेची उशी वरखाली करून बघितली आणि अठराला तयार झाला. तेवढ्यात भावाचा फोन. त्याची बायको सोमवारी स्वतःचं पार्लर उघडते आहे, खुर्ची आम्हालाच दे म्हणाला. भावजय पार्लर उघडणार हे मला तेव्हा कळलं. म्हटलं, चांगलं आहे. हातातलं गिऱ्हाईक घालवलं आणि भाऊ म्हणून वर तीन हजार सोडले. ते राहतात पाच तास लांब, त्यामुळे पैसे ॲपवरून द्यायचे आणि गाडीही ॲपनेच पाठवायची असं ठरलं.

आज शुक्रवार. सकाळी कुलूप काढते तोच सामान न्यायला दोन माणसं दारात हजर, आणि फोनवर पैसे जमा झाल्याचा निरोप. चौदा हजार साडेपाचशे. त्या दोघांना म्हटलं, जरा थांबा.

भावाला फोन लावला. त्याचं म्हणणं, ॲपची फी असते शेकडा तीन, ती विकणाऱ्याकडून कापतात, नियमच आहे. फी कशाची? तर हमीची. खुर्ची मोडकी निघाली तर घेणाऱ्याचे पैसे परत. आता बघा, हमी ह्याला आणि भुर्दंड मला! छत्री हा स्वतःच्या डोक्यावर धरणार आणि तिचे पैसे मी द्यायचे. मी तसं तोंडावर म्हटलं. तर हा वकिली करायला लागला. तुझ्याकडे बायका कार्ड घासतात त्याचं कमिशन तूच भरतेस ना, म्हणाला. भरते, का नाही भरणार, धंदा आहे तो माझा. पण ती गिऱ्हाइकं. तू गिऱ्हाईक आहेस का माझं? आणि असशील तर अठरा हजार टाक. त्यावर "तसं नाही गं ताई" सुरू झालं. उत्तर सुचलं नाही की हा लहानपणापासून हेच म्हणतो.

फोन ठेवला आणि ॲपवाल्यांना लावला. पंधरा मिनिटं गाणं ऐकवलं मेल्यांनी. मग एक मुलगी आली, आवाजात नुसती साखर. तिने सांगितलं, पैसे भरताना ॲप एक प्रश्न विचारतं : विकणारी व्यक्ती तुमच्या ओळखीची आहे का? 'हो' म्हटलं तर फी नाही, पण हमीही नाही. 'नाही' म्हटलं तर फी आणि हमी दोन्ही.

"तुमच्या खरेदीदारांनी 'नाही' निवडलंय, मॅडम."

मी तिला ते पुन्हा वाचायला लावलं. तिने तितक्याच गोडीने पुन्हा वाचलं. तीन दिवसांच्या आत त्यांनी उत्तर बदललं तर फी परत मिळेल, असंही म्हणाली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. साडेचारशे गेले खड्ड्यात. माझ्या पाठीवर आलेला, एका ताटात जेवलेला भाऊ, आणि एका यंत्राने विचारलं तर सांगतो की हिला ओळखत नाही! पुन्हा फोन लावला आणि सरळ विचारलं, तू मला ओळखत नाहीस का?

"अगं, ते नुसतं बटण आहे," तो म्हणाला.

मग दुसरं दाब, म्हटलं, तेही नुसतं बटणच आहे. तर हळूच म्हणतो, "खुर्ची पोचू दे, एकदा बघून घेऊ, मग बदलतो."

म्हणजे मी ह्याची बहीण आहे की नाही ते खुर्ची तपासल्यावर ठरणार! माझा तोल गेला. "लग्न होईपर्यंत तुझे केस मी कापलेत. मानेवर माझा वस्तरा फिरायचा तेव्हा मागितली होतीस हमी?" सामानवाल्यांतला थोरला मध्येच म्हणाला, न्यायची की नाही बाई, गाडी रस्त्यात उभी आहे. न्यायची नाही, मी म्हटलं, भावालाही ऐकू जाईल अशा आवाजात. सलूनवाल्याला देते, तो निदान तोंडावर परका आहे.

तिकडे काहीतरी खुसफुस झाली आणि फोनवर भावजय आली.

"ताई, बटण मी दाबलं. हे 'हो' म्हणत होते, मीच ऐकलं नाही."

ही बाई कधी आवाज चढवून बोलत नाही. आजही बोलली नाही, त्याचाच मला जास्त राग आला. म्हटलं, मी परकी का गं तुला? तर तिने उलट मलाच विचारलं, मी सात वर्षं दुसरीच्या पार्लरमध्ये काम करते, ठाऊक होतं तुम्हाला? ती कुठेतरी कामाला जाते एवढं कानावर होतं. कुठल्यातरी दुकानात असेल, असं मी धरून चालले होते. माझ्याच धंद्यातली बाई, आणि मी कधी विचारलं नाही. ती म्हणाली, घरी फोन करता तेव्हा उचलते मीच, आणि तुमचं पहिलं वाक्य असतं, त्याला दे. हे पैसे मी सात वर्षं उभं राहून साठवले आहेत. ॲपने विचारलं, ओळखता का. मी खरं ते सांगितलं.

झोंबलं. पण हार कशी मानायची? म्हटलं, बरं, हमी तुला हवी होती ना, मग फीसुद्धा तूच भर.

"भरते. आत्ता पाठवते," ती लगेच म्हणाली. "फक्त एक सांगा. आमच्या मालकिणीकडे अशीच खुर्ची होती. माणूस बसला की हळूहळू खाली उतरायची. तुमची उतरते?"

उतरते. अर्ध्या तासात चार बोटं. आतलं तेलाचं सील गेलंय. केस कापताकापता मी अधूनमधून पायाने दांडा दाबून ती वर घेते, आणि आता ते माझ्या ध्यानातही येत नाही. सलूनवाल्याला मात्र मी पहिल्यांदा तेच सांगितलं होतं, खाली वाकून दाखवलंही होतं. परक्याला सांगावंच लागतं, नाहीतर उद्या दारात येऊन तमाशा करेल. भावाला सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नाही, आईशप्पथ. घरातच तर जाते आहे, असं वाटलं. घरच्यांना कोण सांगत बसतं?

सामानवाला आपला पट्टा गुंडाळत उभा होता. भावजय फोनवर वाट बघत होती.

"उतरते," मी म्हटलं.

"मग ताई, तुम्हीच सांगा. फी कुणी भरायची?"

सकाळपासून एवढं तोंड चालवत होते, पण 'मी' हा एक शब्द काही तोंडातून फुटेना. सामानवाल्यांना म्हटलं, उद्या या. मग तिला म्हटलं, "आज सील बदलून घेते. सोमवारच्या आत खुर्ची तुझ्याकडे पोचते. आणि ते साडेचारशे पाठवू नकोस."