बिस्किटांच्या डब्यातला चष्मा

मित्रांनो, माझ्या डाव्या काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला आहे. तो मेबल एन्टव्हिसलने गुंडाळला. मी तिचाच जुना चष्मा. दुसऱ्या कुणी मला नाकावर चढवलं, तर त्याला नुसतं गरगरतं.

उत्तर इंग्लंडमधल्या एका गिरणीगावात मेबल चाळीस वर्षं मागावर उभी होती. त्या खडखडाटाने तिचे कान केव्हाच गेले होते. पण तिथल्या सगळ्याच बायका नुसत्या ओठांनी बोलत. आवाज नाही, नुसतं तोंड वेडंवाकडं करायचं! पलीकडच्या मागावरची भानगड मेबल माझ्यातून वाचायची आणि पोट धरधरून हसायची. मी चष्मा नाहीच, मी तिचा कान आहे, अशी तेव्हा माझी भारी ऐट होती.

मग तिचा नवरा वॉल्टर गेला. ती जेवेना, चहासुद्धा टाकेना, खुर्चीत बसून नुसती रडायची. शेजाऱ्यांनी डॉक्टरला बोलावलं आणि १९६४ साली तिला टेकडीवरच्या मनोरुग्णालयात नेलं.

वॉर्डच्या दारातच सिस्टरने मला उचललं. "फुटला तर निस्तरायचं कुणी? टाक डब्यात." वाईट नव्हती हो ती. साठ म्हाताऱ्या आणि सांभाळायला चौघीजणी. सगळ्यांचे चष्मे बिस्किटांच्या एकाच पत्र्याच्या डब्यात जायचे, नावाची चिठ्ठीसुद्धा नसायची.

डबा टेबलावर उघडाच होता. डॉक्टरांनी विचारलं, "आजीबाई, साल कोणतं?" मेबलला त्यांच्या तोंडाच्या जागी नुसता धुरकट गोळा दिसत होता. ती गप्प. "राणीचं नाव?" गप्प. "म्हातारपणचा भ्रम. सुधारणार नाही," असं त्यांनी लिहून टाकलं. मी दोन हातांवर होतो! माझा जीव तुटत होता, पण मला कोण विचारतंय? झाकण लागलं.

सात वर्षं मी अंधारात होतो. ती खुर्चीत होती, उठू नये म्हणून पुढे फळी अडकवलेली.

मग डॉक्टर ग्वेन प्रिचर्ड आल्या. फक्त म्हाताऱ्या माणसांच्या मनाची दुखणी बघायला त्यांना नेमलं होतं. असा डॉक्टर तिथे कुणी पाहिला नव्हता. बाकीचे हसले, "या अडगळीत बाईंना काय सापडणार!" बाईंनी पहिल्याच दिवशी डबा टेबलावर पालथा केला आणि एकेक चष्मा एकेकीला लावून पाहिला.

मला तोंडाशी नेलं तेव्हा पांढरा दोरा ओळखून मेबलने स्वतःच हात पुढे केला आणि मला नाकावर चढवलं. जून नावाची आयाबाई विणकरणीचीच लेक. तिने आवाज न काढता ओठ हलवले, "मावशी, कशी आहेस गं?"

मेबलने ते ओठ वाचले आणि विचारलं, "माझ्या घराची किल्ली कुणाकडे आहे? मी जाते आता."

जूनचा चेहरा पडला. "मावशी, ती अख्खी गल्लीच पाडली गं. तीन वर्षं झाली."

मित्रांनो, ते मीच तिला वाचून दाखवलं.

मेबलने मला काढलं, घडी घातली आणि जूनच्या हातात दिलं. "ठेव त्या डब्यातच," ती म्हणाली. पुन्हा तिने मला कधी लावलं नाही. त्याच हिवाळ्यात ती गेली.

प्रिचर्डबाईंनी मला आपल्या टेबलावर ठेवलं. नव्या डॉक्टरांना त्या दटावायच्या, "आधी चष्मा, मग प्रश्न." म्हाताऱ्या माणसाला त्याच्या घरी, त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बघितल्याशिवाय त्या कुणाला वॉर्डात घेत नसत. कितीतरी जण औषधाने बरे होऊन घरीच राहिले. पण बाई निवृत्त झाल्या, आणि काही वर्षांनी साहेबलोक म्हणाले, "म्हाताऱ्यांना वेगळा विभाग कशाला?" विभाग बंद झाला. मी पुन्हा एका खोक्यात आहे.

मित्रांनो, कुणा म्हाताऱ्याला भ्रम झालाय म्हणण्याआधी त्याच्या नाकावर चष्मा आहे का तेवढं बघा. आणि लवकर बघा. मेबलला सगळं स्वच्छ दिसलं, तेव्हा बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.