हरकत घेणारा पाहिजे

"लायसन? अगं, माझ्या डाव्या हातचा मळ आहे तो. सकाळी जातो, दुपारी जेवायला घरी. तू फक्त एक फ्रेम आणून ठेव, भिंतीवर लावायला."

एवढं बोलून आमचे हे बूट चढवून पबच्या लायसनचा अर्ज घेऊन निघाले. मी फ्रेम आणली. जेवण झाकून ठेवलं. हे संध्याकाळी उगवले. अर्ज होता तसाच हातात होता आणि पायात एकच बूट होता. ऑफिसच्या रांगेत मागच्याने टाचेवर पाय दिला, बूट निघाला. वाकून घ्यावा तर नंबर जातो, म्हणून ह्यांनी बुटावर पाणी सोडलं. शेवटी नंबर आला, तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "काका, ही लग्नाच्या नोंदणीची खिडकी आहे."

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, झालंय एकदा. पुरेसं आहे," हे म्हणाले आणि गार जेवण जेवले.

आता ह्यांच्या डोक्यात पब कुठून शिरला ते सांगते. ह्यांनी जन्मभर एका दारू कंपनीचा टेम्पो चालवला. गावातल्या प्रत्येक पबच्या मागच्या दाराने क्रेट आत नेऊन ठेवायचे, सही घ्यायची, रिकामे क्रेट उचलायचे. पुढच्या दाराने कधी गेले नाहीत. पण मागच्या दारातून काउंटरमागचा माणूस पाठमोरा दिसायचा आणि लोक त्याला "मालक, मालक" अशा हाका मारायचे. ते ह्यांच्या मनात रुतून बसलं. बाकी काही नको, एकदा कोणीतरी आपल्याला मालक म्हणावं. टेम्पो सुटल्यावर ह्यांनी कोपऱ्यावरचं बंद पडलेलं बुटांचं दुकान भाड्याने घेतलं. आत स्वतःच्या हाताने काउंटर बांधला. त्याला इतकं पॉलिश केलं की माशी बसली तर घसरायची. स्टूल आणले. ग्लास आणले. फक्त ग्लासात ओतायचा अधिकार तेवढा आणायचा राहिला.

जागा शेजारच्या दाताच्या डॉक्टरांची. माणूस गोड, पण व्यवहाराला पक्का. "वर्षभर थांबतो," ते म्हणाले होते. "वर्षात लायसन आलं तर जागा तुमची. नाही आलं तर मला दवाखाना वाढवायचाय." आणि अधूनमधून टेप घेऊन यायचे, आमचा काउंटर मोजायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "पेशंटची खुर्ची इथे छान बसेल."

तर हे दुसऱ्या दिवशी बरोबर खिडकीवर गेले. योगायोग असा की बाई त्याच होत्या, फक्त खिडकी बदलली होती. त्यांनी एक नोटीस दिली. "ही दारावर लावा. कोणाला हरकत असेल तर ते आमच्याकडे येतील. मग साहेब सुनावणी घेतील. सुनावणी झाली की फाईल वर जाते, आणि वरून लायसन येतं."

नोटीस लावली. लोक थांबून वाचायचे आणि आत डोकावून विचारायचे, "कधी सुरू करताय?" मुदत संपली. एकसुद्धा हरकत आली नाही. हे छाती काढून खिडकीवर गेले, मीही गेले बरोबर.

"एकही नाही?" बाईंनी चष्मा वर केला.

"एकही नाही! लोकांचं प्रेम आहे."

"मग अवघड आहे, काका."

"अवघड?"

"सुनावणीशिवाय फाईल वर जात नाही. हरकतच नसेल तर सुनावणी कोणाची घ्यायची, खुर्चीची?"

"अहो बाई, पण लोकांना चालतंय ना!"

"तेच तर साहेबांना खटकणार. लोकांना चालतंय म्हणजे काय? लोकांना काहीच चालत नाही. मागे वाचनालय निघालं तेव्हा हरकत घेणाऱ्यांची रांग जिन्यापर्यंत गेली होती. आणि तुमचा दारूचा पब असून सगळे गप्प? ह्यात काहीतरी काळंबेरं आहे असंच दिसणार." मग जरा पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "एखादी बघा ना कुठून तरी. साधीशीच. सुनावणीत मागे घ्यायची की झालं."

म्हणजे आता आम्हाला हरकत घेणारा शोधायचा होता. समोरच्या भाजीवाल्यांना विचारलं. ते दुखावले. "वहिनी, मी हरकत घेऊ? मी उद्घाटनाला घालायला नवा शर्ट शिवून ठेवलाय!" डॉक्टरांना विचारलं, तर टेप गुंडाळत म्हणाले, "मी शब्द दिलाय तुम्हाला. मी आडवा येणार नाही. शिवाय माझी गरज आहे असं वाटत नाही. तुमचं तुम्ही छान चालवलंय."

मग ह्यांनी मांडीवर थाप मारली. "अगं, होयबा!"

होयबा म्हणजे माझा धाकटा भाऊ. एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्री करतो. बायको गेल्यापासून भाजीवाल्यांच्या दुकानावरच्या खोलीत एकटा राहतो, म्हणजे पबच्या अगदी समोर. आयुष्यात त्याने कशाला नाही म्हटलं नाही. लहानपणी माझे उसवलेले स्वेटर घातले, मोठेपणी आम्ही दाखवली ती मुलगी केली. जेवायला बसला की "वाढू का?" म्हटल्यावर "हो" आणि "पुरे का?" म्हटल्यावरही "हो". ह्याच्यापेक्षा बिनधोक माणूस कुठे मिळणार?

"पण भाऊजी," तो म्हणाला, "मला तर काही हरकत नाही."

"म्हणून तर तुला सांगतोय."

"मग काय म्हणू?"

"म्हण, आवाज होईल."

"होईल का?"

"होणार नाही रे! पण म्हण. साहेब म्हणतील ठीक आहे, तू म्हण मी मागे घेतो, आणि घरी जाऊ. कळलं?"

"हो," होयबा म्हणाला.

सुनावणीच्या दिवशी तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. साहेब मान खाली घालून लिहीत होते. त्याचं नाव पुकारलं. तो उठला, म्हणाला, "आवाज होईल," आणि खाली बसायला लागला.

साहेब मान वर न करता म्हणाले, "आणि?"

इथे घात झाला. माझ्या भावाला जन्मात कोणी "आणि?" विचारलं नव्हतं. आईने नाही, बायकोने नाही, मीही नाही. तो अर्धा बसलेला होता, तो हळूहळू परत उभा राहिला.

"आणि साहेब, आवाज आतला नसतो. आत माणूस ग्लास धरून बसलेला असतो, हळू बोलतो. खरा आवाज निघताना. दारात उभं राहून निरोप घेतात. एकदा घेतात. मग कोणाला तरी काहीतरी आठवतं, की परत पहिल्यापासून घेतात. ज्याच्याशी आत एक शब्द बोलले नाहीत त्याला मिठ्या मारतात. 'सांभाळून जा रे' म्हणून ओरडतात. आणि समोर वरच्या खोलीत एखादा माणूस एकटा पडलेला असतो, साहेब. त्याला ते सगळे निरोप ऐकावे लागतात. त्यातला एकही त्याचा नसतो."

खिडकीतल्या बाईंनी नाकाला रुमाल लावला. मी भावाकडे बघतच राहिले. साहेबांनी पेन खाली ठेवलं, त्याला पाणी मागवलं आणि म्हणाले, "महत्त्वाचा मुद्दा आहे. पुढची तारीख घेऊ. तुम्ही नक्की या."

बाहेर आल्यावर ह्यांनी त्याची पाठ थोपटली. "काय बोललास लेका! भरून आलं मला. आता पुढच्या वेळी मागे घे."

"भाऊजी," तो म्हणाला, "मी बोलता बोलता ऐकत होतो. मला पटलं."

पुढच्या तारखेला त्याचं बोलणं ऐकायला भाजीवाले गेले. उद्घाटनाचा शर्ट घालून गेले आणि विरोधक होऊन परत आले. त्यांनी गिऱ्हाइकांना सांगितलं, गिऱ्हाइकांनी घरी सांगितलं. ज्यांना कालपर्यंत पब हवा होता त्यांना आता आपापली झोप आठवली. बघता बघता शांतता समिती उभी राहिली. आणि एका सकाळी भाऊ आमच्याकडे आला, दारात घुटमळला.

"ताई, समितीला बसायला जागा नाही गं. तुमच्याकडे स्टूल आहेत."

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "येऊ दे! सगळे एका जागी येतायत, बरंच झालं. तासाभरात एकेकाचं मन वळवतो की नाही बघ."

समिती आली. सगळे स्टूल भरले, काही जण उभे राहिले. दारू द्यायची सोय नव्हती म्हणून ह्यांनी लिंबाचं सरबत केलं. मन वळवायला तोंड उघडणार एवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "मालक, इकडे अजून दोन!"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खांद्यावर फडकं टाकलं, दोन ग्लास भरले आणि काउंटरवरून सरकवले. त्यानंतर मन वळवायचा विषयच निघाला नाही. आपल्याच पबच्या विरोधात बसलेल्या लोकांना हे पुढच्या प्रत्येक बैठकीत सरबत पाजत राहिले, आणि रिकामे ग्लास विसळताना शीळ घालत राहिले. मला रडू आलं असतं, पण लिंबं पिळायची होती.

साहेब जागेची तपासणी करायला आले ते नेमके बैठक रंगात आलेली असताना. शांतता समितीचा अध्यक्ष कोण, ह्यावरून आत रण माजलं होतं. कोणी काउंटर बडवत होतं, कोणी स्टुलावर चढलं होतं. साहेबांनी दारातून "नमस्कार" म्हटलं ते कोणालाच ऐकू गेलं नाही. बैठक संपली, तर सभासद दारात उभे राहून निरोप घ्यायला लागले. एकदा घेतला. मग कोणाला तरी काहीतरी आठवलं.

साहेबांनी लिहून घेतलं, 'लायसन नसताना एवढा आवाज.'

"साहेब, अहो, हे विरोधक आहेत!" हे जवळजवळ ओरडले.

"आवाज बाजूने आहे का विरोधात, हे बघायची सोय आमच्याकडे नाही," साहेब म्हणाले. "मी नकार लिहितो. ज्याने पहिली हरकत घेतली त्याने स्वतः खिडकीवर येऊन ती लेखी मागे घेतली, तरच थांबवता येईल. महिन्याच्या शेवटच्या दिवशी खिडकी बंद व्हायच्या आत."

डॉक्टरांचं वर्षही त्याच दिवशी संपत होतं.

मी भावाच्या खोलीवर गेले. तो इस्त्री करत होता. म्हटलं, "बाळा, झालं ते झालं. मागे घे आता. ह्यांच्याकडे दुसरं काही नाही रे."

"नाही," तो म्हणाला. मग स्वतःच दचकला. शब्द त्याला नवीन होता. त्याने परत एकदा म्हणून पाहिला. "नाही, ताई." आणि कॉलरवर इस्त्री फिरवत राहिला.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे उठून दुकानात गेले. काउंटर पुसत बसले. रोज पुसत बसायचे. डॉक्टर येऊन म्हणाले, "पॉलिश मस्त आहे हो, औषधांचं कपाट होईल ह्याचं," तरी पुसत बसले.

शेवटच्या दिवशी दुपारी भाऊ दारात उभा. शर्ट चुरगळलेला. असा मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"काय रे, काय झालं?"

"भाजीवाले अध्यक्ष झाले, ताई," तो म्हणाला. "काल मी बोलायला उठलो, तर ते म्हणाले, मुद्दा आलाय, बसा." "सही कुठे करायची?"

ह्यांनी फडकं भिरकावलं. "झालं काम! आता आकाश कोसळलं तरी लायसन अडत नाही!" आम्ही तिघं धावतच ऑफिसात पोचलो. खिडकी तिसऱ्या मजल्यावर. खिडकी बंद व्हायला अजून वेळ होता. मी म्हटलं जिन्याने जाऊ. हे म्हणाले, "जिना कशाला? लिफ्टने सुळकन पोचू." लिफ्टचं दार लागता लागता साहेबच आत आले, चहा पिऊन परत येत होते.

"बघ!" हे माझ्या कानात म्हणाले. "ह्याला म्हणतात नशीब."

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली. बटणं दाबली, दार बडवलं, हाका मारल्या. लिफ्टवाला जेवायला गेला होता. भावाने साहेबांची परवानगी घेऊन त्यांच्या पाठीवर कागद ठेवला आणि सही केली.

"घ्या साहेब," हे म्हणाले. "आता इथेच घ्या."

"घेतला असता हो," साहेब म्हणाले. "पण शिक्का खिडकीत आहे. आणि कागद मला ऑफिसात मिळायला हवा."

"हे ऑफिसच आहे ना?"

"ही लिफ्ट आहे."

हे परत दार बडवत राहिले. वर खिडकीचं शटर खाली आल्याचा आवाज आला. त्यानंतर थोड्या वेळाने लिफ्टवाला जेवून आला आणि त्याने आम्हा चौघांना तळमजल्यावर उतरवलं.