मोरपंखी गाडीचं टोपण

वैशाखाचं ऊन, घासलेल्या पितळेसारखं.

लेथवर पोलादातून सुटलेली एक कुरळी बट. आधी पिवळी, मग जांभळी, मग निळी.

फायबरचे दोन हंस. माना एकमेकांकडे वळलेल्या. एकाची चोच तुटकी.

गोड्या तेलाचा पंधरा किलोचा डबा, अजून न फोडलेला.

घाटाच्या पायथ्याशी आंब्याचं झाड, झाडाखाली चूल, चुलीवर रिकामं पातेलं, कुणाची तरी वाट बघणारं.

यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. संबंध जोडला तो एका गाडीनं.

*

मोराच्या मानेवर सकाळी असतो तो निळा आणि संध्याकाळी उरतो तो हिरवा, दोन्ही एकाच पत्र्यावर. सतरा फूट लांबी. रुंद कपाळ, चंदेरी दात, मागे दोन पंख. सत्तर वर्षांपूर्वी ती अमेरिकेहून बोटीनं आली, तीन मालकांच्या दारात म्हातारी झाली, आणि शेवटी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका गल्लीत, आनंदराव इंगवल्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये अशी विसावली, की समोरच्यांचं फाटक तेव्हापासून अर्धंच उघडतं.

आनंदराव साखर कारखान्यातले निवृत्त केमिस्ट. आयुष्यभर त्यांनी रसाचा गोडवा मोजला. आता ते तेलाचा काळेपणा मोजत होते.

काय काय केलं त्यांनी तिच्यासाठी! जीपचे वायपर बसवले. टेम्पोचा पंखा बसवला. ट्रकचा भोंगा बसवला, ज्यानं गल्लीतली कुत्री अगोदर पळाली आणि नंतर उत्तर देऊ लागली. शालनच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, लग्नातल्या गादीचं गुलाबी कापड आता मागच्या सीटवर होतं. शालननं ते एक दिवस शोधलं, मग शेडमध्ये येऊन बघितलं, मग काही न बोलता परत गेली.

त्या न बोलण्याला आनंदरावांनी संमती समजलं.

*

आणि टोपण.

त्या गाडीचं पेट्रोल भरायचं तोंड मागच्या डाव्या दिव्याआड लपलेलं होतं. दिवा वळवायचा, तो पापणीसारखा बाजूला व्हायचा, आणि आत, कुणालाही न दिसणाऱ्या जागी, एक टोपण चमकायचं. कोवळ्या चंद्रासारखं गोल, आरशासारखं नितळ. ते उद्यमनगरातल्या दस्तगीर मिस्त्रींनी लेथवर चार दिवस बसून कातलं होतं. मूळचं टोपण गंजकं होतं, ते दोघांच्याही नजरेला सहन होत नव्हतं.

"हवा जायची न्हाई ह्यातनं सायेब," दस्तगीर मिस्त्री म्हणाले होते. "मुंगीचा श्वास जायचा न्हाई. बघा फिरवून."

आनंदरावांनी फिरवून बघितलं. टोपण रेशमासारखं बसलं. दोघांचे डोळे पाणावले.

त्यानंतर घरी पाहुणा आला की चहाआधी दिवा उघडला जायचा.

*

पहिल्या रविवारी मोरपंखी पन्हाळ्याला निघाली. टाकी काठोकाठ. शिवाजी पूल मागे पडला, उसाचे मळे मागे पडले, आणि वाघबिळाच्या वळणावर, घाट जिथं सुरू होतो तिथं, ती खोकली. दोनदा खोकली. थांबली.

आनंदरावांनी बॉनेट उघडलं. अर्धा तास खाटखूट केली. प्लग पुसले. गाडी सुरू झाली.

"प्लग," ते म्हणाले.

दुसऱ्या रविवारी नवे प्लग घालून ती वाघबिळाला थांबली. अर्ध्या तासानं कॉइल बदलल्यावर सुरू झाली.

"कॉइल," ते म्हणाले.

तिसऱ्या रविवारी कार्बुरेटर. चौथ्या रविवारी पेट्रोलचा पंप. पाचव्या रविवारी उन्हानं पेट्रोलची वाफ होत असेल म्हणून नळीवर ओला पंचा. दर वेळी अर्धा तास. दर वेळी शेवटी ज्याला हात लागला त्यालाच श्रेय. गाडीतलं एकेक जुनं निघत गेलं, एकेक नवं बसत गेलं, आणि वाघबीळ जिथल्या तिथं राहिलं.

आंब्याखालची चहावाली पारूबाई लांबून भोंगा ऐकला की चुलीवर पातेलं चढवू लागली. एसटीचे कंडक्टर त्या वळणाला इंगवले स्टॉप म्हणू लागले.

*

सहाव्या रविवारी सर्जेराव मंडपवाले आले. हातात मोजपट्टी. लग्नसराई तोंडावर होती, आणि सर्जेरावांकडे हंस होते पण रथ नव्हता.

"टप कापायचा," सर्जेराव गाडीभोवती फिरत म्हणाले. "मधी सिंहासन, दोन्ही अंगाला हंस. वरून गुलाबपाण्याचा फवारा. काय दिसंल ओ ही! नुसती उभी राहून गंजतीय तुमच्याकडं."

"उभी राहत नाही ती," आनंदराव म्हणाले.

"वाघबिळाला राहती की."

गल्ली हसली. गॅलऱ्या हसल्या. अर्धं उघडणारं फाटक त्या दिवशी होतं तेवढं उघडून हसलं. आणि आनंदरावांच्या तोंडून, चाळीस वर्षांत मोजमापाशिवाय एक शब्द न बोललेल्या त्या तोंडून, निघून गेलं:

"पुढच्या रविवारी दुपारी बाराच्या आत, कुणी न ढकलता, पन्हाळ्याच्या तीन दरवाजाला गाडी उभी करतो. नाही झाली, तर न्या. कापा टप."

कोल्हापुरात शब्द दिला की दिला. सर्जेरावांनी मोजपट्टी लावली, टपावर खडूनं एक रेघ ओढली, आणि गेले.

त्या आठवड्यात आनंदराव रोज त्या रेघेजवळ उभे राहायचे. पुसायचे नाहीत. पुसणं म्हणजे शब्द फिरवणं. फक्त तिच्या आजूबाजूचा पत्रा पुसायचे, हळूहळू, जसं तापलेल्या माणसाचं कपाळ पुसतात.

हे शालननं खिडकीतून बघितलं. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. शनिवारी ती म्हणाली, "उद्या मी पण येते."

ती त्या गाडीत आजवर बसली नव्हती.

*

सातवा रविवार. पळस झडून गेलेला, गुलमोहर पेटलेला. रस्त्यावर उन्हाचं पाणी, त्या पाण्यावर तरंगत मोरपंखी.

अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडं असतं. म्हणून डावीकडं आनंदराव, उजवीकडं, आपल्याकडं जिथं ड्रायव्हर बसतो तिथं, शालन, मांडीवर दही-धपाट्यांचं गाठोडं. मागे गुलाबी गादीवर दस्तगीर मिस्त्री. त्यांच्या मागे सर्जेरावांचा टेम्पो, आणि टेम्पोत, दोरीनं बांधलेले, रस्त्याकडं टकामका बघणारे दोन हंस.

केर्लीजवळ एक सायकलवाला शालनकडं बघून ओरडला, "मावशी, हात तरी लावा स्टिअरिंगला!"

शालननं गाठोडं आणखी घट्ट धरलं. ती हसत होती, आणि ते आरशात फक्त दस्तगीर मिस्त्रींनी पाहिलं.

अकरा वाजून दहा मिनिटं. वाघबीळ.

गाडी खोकली. दोनदा खोकली. थांबली.

पारूबाईचं पातेलं उकळत होतं.

*

आनंदराव उतरले नाहीत. दोन्ही हात चाकावर ठेवून समोरच्या घाटाकडं बघत राहिले. बदलायला काही उरलंच नव्हतं. टेम्पो मागे येऊन थांबला. सर्जेराव उतरले आणि, माणूस वाईट नव्हता, मोजपट्टी पाठीमागं लपवून उभे राहिले.

दस्तगीर मिस्त्री म्हणाले, "सायेब, टोपण तेवढं काढून घेतो मी. वरातीत चोरीला जाईल."

शालन झाडाखाली गेली.

पारूबाई भज्यांसाठी तेलाचा नवा डबा फोडत होती. तिनं खिळा ठेवला, दगडानं ठोकला. एक भोक. डबा कलता केला. तेलाची धार आली, अडखळली, गुटगुटली, थांबली. पारूबाईनं समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं. डब्यानं श्वास घेतला. सोन्याची सरळ, संथ, अखंड धार कढईत उतरली.

शालन त्या धारेकडं बघत राहिली.

मग गाडीपाशी आली.

"अहो, हिचं दुसरं भोक कुठाय?"

"कसलं भोक?"

"पेट्रोल बाहेर जातं. मग आत वारा कुठनं येतो?"

आनंदरावांनी दस्तगीर मिस्त्रींकडं बघितलं. दस्तगीर मिस्त्रींनी आंब्याकडं बघितलं. आंब्यावर एक कैरी होती. तिनं कुणाकडंच बघितलं नाही.

आनंदराव उतरले. दिव्याची पापणी वळवली. कोवळ्या चंद्राला हात घातला, पण तो हटेना, जणू आतून कुणी ओठ आवळून धरले होते. दोघांनी मिळून फिरवला.

आणि मोरपंखीनं हुश्श करून श्वास आत ओढला. लांब, ओला, सात रविवारांचा. नव्या नवरीसारखा कुणाकडं मागता न आलेला. झाडावरचा कावळा उडाला.

तीन आचके. चौथ्याला इंजिन गरजलं.

"मुंगीचा श्वास," आनंदराव पुटपुटले. दर रविवारी त्या अर्ध्या तासात उन्हानं टाकीत थोडी वाफ धरायची, तेवढ्यावर गाडी सुरू व्हायची, आणि श्रेय प्लगला जायचं.

"काम चांगलं झालं की असं होतंय," दस्तगीर मिस्त्री म्हणाले, आणि मान खाली घातली. "आता त्याला भोक पाडायला मलाच सांगशिला."

"सांगणारच," शालन म्हणाली. "पण आज घाट उघड्या तोंडानं चढता यायचा नाही, हिंदकळेल." तिनं गाठोडं सोडलं, धपाटी दस्तगीर मिस्त्रींच्या हातात दिली, आणि धपाट्यांचं फडकं त्या तोंडावर बांधलं. निळ्या चौकड्यांचं, दह्याचा एक डाग असलेलं, हवा येऊ-जाऊ देणारं फडकं.

अकरा वाजून पस्तीस मिनिटं.

*

मग घाट. एकेक वळण करवंदीच्या जाळीतून उलगडत गेलं. एकेक वळणाला भोंगा. मोरपंखी चढत होती. निळी चढत होती, हिरवी चढत होती, डावा डोळा उघडा टाकून चढत होती. मागे फडक्याची गाठ सुटल्यासारखी फडफडत होती आणि सुटत नव्हती. तिच्या मागे टेम्पो, टेम्पोत हंस, आणि हंसांच्या मागे, खाली खाली जात, पंचगंगेचं धुरकट खोरं.

शालननं काच खाली केली. वारा आत आला.

बाराला सहा मिनिटं असताना तीन दरवाजाच्या काळ्या दगडी सावलीत गाडी उभी राहिली. सर्जेरावांनी मोजपट्टी खिशात टाकली आणि एक धपाटं मागून घेतलं. आनंदराव गाडीभोवती फिरून टपापाशी आले. बाही ओठांशी नेऊन ओली केली. पण शालनचा पदर आधीच त्या रेघेवरून फिरला होता. टपावर उरलं होतं फक्त आकाश, निळं, मग हिरवं, मग निळं, आणि मागे फडकं, एकदा फुगलेलं, एकदा बसलेलं, एकदा फुगलेलं.

मूळच्या टोपणाला मधोमध सुईएवढं भोक होतं. ते गंजानं पडलं असं समजून आनंदरावांनी मार्च महिन्यात टोपणच भंगारवाल्याला दिलं.