मुंगळ्याला द्यायचं की नाही

आमच्या शाळेच्या संगणक प्रदर्शनात दरवर्षी सूर्यमाला असते. यंदा दरोडा होता, आणि तो मी आणि माझी मैत्रीण राजनंदिनीनं मिळून लिहिला होता.

गेम साधा. पडद्यावर गोष्ट येते, एका जागी थांबते आणि दोन पर्याय देते. बघणाऱ्यांनी हात वर करायचे. ज्याला जास्त हात, तो पर्याय मी दाबायचा. चित्रं नाहीत, गोळीबाराचे आवाज नाहीत. श्यामला मॅडम आधी म्हणाल्या होत्या, "नुसतं वाचायला कोण थांबणार गं, संयोगिता?" मी म्हटलं, "मॅडम, कोल्हापुरात माणसाला मत विचारलं की तो जेवण सोडून थांबतो." मागच्या वर्षी हे मी मनातल्या मनात म्हटलं असतं. यंदा तोंडानं म्हटलं, आणि मॅडम हसल्या.

गोष्ट अशी. एक शेठ हुपरीच्या घराघरांतून पैंजण करून घेतो, कारागिरांची चांगली चांदी स्वतःकडे ठेवतो आणि त्यांच्या गळ्यात भेसळीची मारतो. पोलीस त्याच्याकडे चहा पितात. मग तिघं जण ठरवतात की शेठच्या पन्हाळ्यावरच्या बंगल्यातून चांदी उचलायची आणि पहाटे ज्याची त्याच्या दारात ठेवायची. वाघीण डोकं चालवते. गाडी चालवणाऱ्याचं खरं नाव कुणालाच माहीत नाही, म्हणून त्याला पावणं म्हणतात. आणि भिंत चढतो तो मुंगळा. मुंगळा आधी दुसऱ्या टोळीत होता, त्यामुळे त्याच्यावर पूर्ण विश्वास ठेवायचा की नाही, ही सगळ्या गेमची मेख.

मुंगळा राजनंदिनीनं लिहिला. तो कुणावरून लिहिला, हे मला माहीत होतं. तिच्या मोठ्या भावावरून, ऋतुराजदादावरून.

ऋतुराजदादा फुटबॉलचा गोलकीपर, आणि कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमी-मंडळांचे असतात. लहानपणापासून आमच्या मंगळवार पेठेतल्या नागझरी तालमीकडून खेळला आणि या हंगामात तोफखाना मंडळाकडं गेला. बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. आमच्याकडं लग्न मोडलं तर लोक चार दिवस बोलतात, खेळाडूनं तालीम सोडली तर चार वर्षं. पेठेतली पोरं त्याच्याशी बोलायची बंद झाली. कट्ट्यावर तो आला की कट्टा उठायचा. रविवारी फायनल होती, नागझरी विरुद्ध तोफखाना, आणि दादानं घरी सांगून टाकलं होतं, "मी खेळत न्हाय. आज संध्याकाळी कोचला सांगतो." राजनंदिनीनं त्याला ओढून प्रदर्शनाला आणलं ते याचसाठी. पेठेनं मुंगळ्याला वाचवलेलं त्यानं डोळ्यांनी बघावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत माझे पप्पा, अमरसिंह, नागझरी तालमीचे अध्यक्ष. त्यांच्या मागं तालमीचा स्ट्रायकर सम्राट आणि त्याची पोरं. दादा अगदी शेवटी, दाराजवळ, टोपी पुढं ओढून उभा.

पहिले काही पर्याय दणक्यात गेले. कुत्र्याला भाकरी टाकायची की मागच्या बाजूनं जायचं? सगळा हॉल भाकरीच्या बाजूनं. सम्राट ओरडला, "भाकरी नको, तांबडा रस्सा टाका, कुत्रं आयुष्यभर इमानी ऱ्हाईल!" मी माईकवरून म्हटलं, "रस्सा पर्यायात नाही, सम्राटदादा. हात खाली." लोक हसले. मला फार बरं वाटलं.

मग मुंगळा भिंतीपाशी आला. पडद्यावर ओळ आली: 'मुंगळ्यानं दोन्ही तळवे भिंतीला टेकवले, कपाळाला लावले आणि डाव्या पायाचा मोजा गुडघ्यापर्यंत ओढला.'

ही ओळ मी शंभरदा वाचली असेल. माझ्या डोक्यात आलं नाही की पेनल्टीआधी ऋतुराजदादा गोलच्या खांबाशी नेमकं हेच करतो, आणि हे पेठेतल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे.

"आयला!" सम्राट उठून उभा राहिला. "ह्यो तर ऋतुराज!"

"व्हय की! मोजा बघ, मोजा!"

"तरीच दुसऱ्या टोळीतनं आलाय!"

शिट्ट्या सुरू झाल्या. मॅडम "शांत बसा, शांत बसा" म्हणत होत्या. मी मागं बघितलं. दादा तसाच उभा होता. राजनंदिनी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती आणि माझ्याकडं बघत होती.

गेम काही माझ्यासाठी थांबणार नव्हता. पुढचं पान आलं. बंगल्याला पोलिसांनी वेढा घातला आहे. इन्स्पेक्टर वाघिणीला फोन करतो: भिंतीवरचा माणूस आम्हाला द्या, बाकीचे सुटा. पर्याय पहिला, मुंगळ्याला द्या. पर्याय दुसरा, तिघं मिळून पळा, जमलं तर जमलं.

"पहिल्यासाठी हात," मी म्हटलं.

हात एकदम वर गेले, मैदानात गोल झाल्यावर जातात तसे. पप्पांचाही गेला. दुसऱ्या पर्यायाला बायका होत्या, आमच्या वर्गातल्या मुली होत्या आणि कोपऱ्यातल्या पीटीच्या सरांचा अर्धवट वर केलेला हात होता. मोजायची गरज नव्हती, तरी मी मोजले. राजनंदिनी मान हलवत होती, नको, नको. माझं बोट माऊसवर होतं, मुद्दाम केलं हे कुणाला कळलंही नसतं. हात चुकून घसरला म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मी पहिला पर्याय दाबला. टाळ्या पडल्या. मागं दार उघडून बंद झालं. दादा गेला आणि त्याच्या मागोमाग राजनंदिनी.

पडद्यावर कोरं पान आलं.

ते पान आम्ही लिहिलंच नव्हतं. बटण केलं होतं, पुढचं काहीच केलं नव्हतं. राजनंदिनी म्हणाली होती, "आपल्या माणसाला कोण देतंय? दुसरा पर्याय नीट लिहूया." मलाही पटलं होतं. आम्ही दोघी मंगळवार पेठेत जन्मलो, वाढलो, आणि तरी आम्हाला हे सुचलं नाही.

"लाईट गेली काय?" कुणीतरी विचारलं.

मॅडम प्रोजेक्टरकडं धावल्या. मी माईक उचलला. आतून काहीच ठरलेलं नव्हतं, पण आवाज नीट आला.

"मुंगळ्याला पोलिसांनी नेलं," मी म्हटलं. "वाघीण सुटली, पावणं सुटलं. चांदी अजून बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आहे. दोर मुंगळ्याच्या कमरेला होता, तोही गेला. आता वर कोण चढणार?"

"पावणं चढतील की!"

"पावण्यांना जिन्यावर दम लागतो. मागच्या पानावर वाचलं नाही का?"

"मग वाघीण चढू दे."

"वाघीण चढली तर खालून पोलिसांना कोण बघणार? तुम्ही?"

"मग चांदी?" एका काकूंनी विचारलं. "त्या हुपरीच्या लोकांचं काय?"

"काही नाही. शेठनं सकाळी उठून चहा घेतला. झालं."

हॉलमध्ये कुजबुज वाढली. जिंकल्यासारखं करून बसलेल्या लोकांना रिकाम्या हातानं घरी जायचं नव्हतं.

"ए संयोगिता, मागं घे की गेम!" सम्राट म्हणाला.

मागं जायचं बटण होतं. मी ते दाबणार नव्हते. "मागं जाता येत नाही. दिलं ते दिलं."

"मग सोडवा त्याला!" त्याच काकू ओरडल्या. "पोलीस चौकीवर दरोडा घाला!"

"घालायचा?" मी विचारलं. "हात."

हॉल उठला. सम्राटनं दोन्ही हात वर केले. मी म्हटलं, एकाचे दोन मोजणार नाही, तरी त्यानं खाली घेतले नाहीत. पप्पांचे हात मांडीवरच होते. कुणीतरी म्हणालं, "अध्यक्ष, हात?" ते म्हणाले, "मी बघायला आलोय."

मग मुंगळ्याला मी माईकवरच सोडवलं, भाकरीवाल्या कुत्र्याच्या मदतीनं, आणि लोकांना ते फारच आवडलं. मॅडम म्हणाल्या, हे लिहून काढ. मी म्हटलं नंतर, आणि बाहेर पळाले.

फाटकाशी दादा किल्लीशिवायच गाडीला किक मारत होता आणि राजनंदिनी गाडीची किल्ली मुठीत धरून उभी होती. मला बघून म्हणाली, "दुसरं बटण दाबता आलं असतं तुला."

"हात मोजले मी."

"मैत्रीण आहेस ना माझी?"

"आहे. म्हणून खोटं दाबलं नाही. दादाला कळलंच असतं."

दादा पहिल्यांदाच बोलला. "बरोबर केलंस. गोल झाला तर झाला. किल्ली दे गं."

"पण दादा, नंतर सोडवलं तुला," मी म्हटलं. "सगळ्यांनी. सम्राटदादानं तर दोन्ही हात वर केले."

किक मारायचा पाय थांबला. "कुणी?"

"सम्राटदादानं."

"परवा माझ्या गाडीची हवा सोडली त्यानं." दादा टोपी काढून माझ्याकडं बघायला लागला. "आणि आज मला तुरुंगातनं सोडवतोय? हितं, अंधारात, पडद्यावर?"

"हॉलमध्ये दिवे होते," मी म्हटलं.

"गप गं. मला कोण सोडवायचं न्हाय. रविवारी पेनल्टी मारू दे त्याला, मग बघू कोण कुणाला सोडतंय." त्यानं हात पुढं केला. "किल्ली."

"म्हणजे खेळणार?" राजनंदिनीनं विचारलं.

"सरावाला उशीर होतोय माझ्या."

तिनं किल्ली दिली. गाडी घराच्या दिशेनं गेली नाही, मैदानाच्या दिशेनं गेली. राजनंदिनी रडली आणि मग मला म्हणाली की कुत्र्याची मदत फारच फालतू कल्पना आहे, ती नीट लिहून देईल.

संध्याकाळी जेवताना पप्पांनी ताटातून मान वर न करता विचारलं, "रविवारी कुठं बसणार? आमच्याकडं का त्यांच्याकडं?"

"गोलच्या मागं."

"कुठल्या?"

"ऋतुराजदादा असेल त्या. मध्यंतरानंतर उठून पलीकडं जाईन."

आईनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली. त्यांनी ती मोडली आणि रश्शात बुडवली.

"ऊन असतंय तिथं," ते म्हणाले. "टोपी घाल."