पेव फुटणे : अर्थ आणि वाक्यात उपयोग

मेहनाज शेखला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी 'हेड' केलं होतं आणि ते थेट तिच्या डोक्यात गेलं होतं.

नववीपर्यंत हजेरीला 'येस सर' म्हणायची ते शेजारच्या बाकालाही ऐकू जायचं नाही. मग ऑगस्टमध्ये वक्तृत्व स्पर्धेत कुमार सरांनी तिला जवळजवळ ढकलून स्टेजवर उभं केलं, ती साडेचार मिनिटं न अडखळता बोलली, आणि कप घेऊन खाली उतरली ती वेगळीच पोरगी होऊन. तेव्हापासून तिचं तोंड बंद व्हायचं नाव घेत नव्हतं. भरल्या घागरीला भोक पडावं तशी बोलायची.

डिसेंबरात तालुक्याची शॉर्टफिल्म स्पर्धा जाहीर झाली. विषय : आपलं गाव. दिग्दर्शक अर्थातच निकिता, कारण दहावीत सगळ्यांवर ओरडायची सवय तिलाच होती. कॅमेरा तिचा मोठा भाऊ श्रीनाथ. तो अकरावीला, आणि चांगला मोबाईल त्याच्याकडेच. हीरो म्हणून सैफ, मेहनाजचा चुलतभाऊ. उरली मेहनाज.

"तू लोकेशन आन् सेफ्टी हेड," निकिता म्हणाली. "तुला सगळ्याचीच भीती वाटती. आमाला कुणीतरी भित्रं पाहिजेच."

"भित्रं न्हाय, सावध म्हणायचं त्याला," मेहनाजनं ठणकावलं आणि त्याच संध्याकाळी नवीन रजिस्टर काढलं. स्पर्धेच्या फॉर्मबरोबर सुरक्षेचं नियोजन जोडायचं होतं. तिनं पट्टीनं चार रकाने आखले : ठिकाण, धोका, उपाय, कुणाला विचारलं. चौथा रकाना फॉर्ममध्ये नव्हता. तो तिच्या पदरचा. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, असं कुमार सर सांगायचे.

ठिकाण ठरलेलं होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात जुनं गाव एका पहाटे भुईसपाट झालं. सरकारनं दोन किलोमीटरवर नवं गाव बांधलं, रांगेत, घरांवर नंबर टाकून. जुन्या गावठाणात तेव्हापासून वेड्या बाभळी आणि शेरडं. निकिताची गोष्ट होती भूकंपात हरवलेली पाटी शोधणाऱ्या मुलीची, तेव्हा दुसरीकडं कुठं जाणार?

मेहनाजनं वायरमनला विचारलं, शेरडं राखणाऱ्या कस्तुराबाईंना विचारलं, आणि शेवटी घरी येऊन आजोबांपुढं बसली. त्यांना अख्खं गाव दादामियाँ म्हणायचं, म्हणून नातवंडंही तेच म्हणायची. ते ओसरीवर जुन्या पोत्यांचे नायलॉनचे धागे काढून बैलांसाठी दावी वळत होते.

"दादामियाँ, जुन्या गावात धोका काय काय हाय?"

"तिकडं कशाला?"

"शूटिंग हाय. आधी रेकी करायची."

"रेकी म्हंजे?"

"जाऊन नुसतं बघून यायचं."

"नुसतं बघायलाबी जाऊ नक्को." त्यांनी दाव्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं. "पडकी भितडं हैत. काटे हैत. अन् पेवं हैत तिथं, बेटी, पेवं. लई वंगाळ. एकामागं एक तीन मानसं गेली. माझ्या डोळ्यादेखत."

इथंच तिनं एक शब्द विचारायला हवा होता. 'म्हणजे?' एवढाच. पण तिला अजून अकरा कामं होती, आणि पेव हा शब्द तिला माहीत नव्हता असं थोडंच होतं? सहामाहीच्या पेपरात तो वाक्प्रचार आला होता. पेव फुटणे : एकदम सुळसुळाट होणे. तिनं वाक्यात उपयोग केला होता, 'पावसाळ्यात आमच्या गावात विंचवांचे पेव फुटले.' दोनपैकी दोन.

तिनं लिहिलं. धोका : पेव (विंचू, किडे वगैरे). उपाय : सर्वांना बूट, हातात काठी. कुणाला विचारलं : दादामियाँ.

"लिवलंस का?" दादामियाँनी मान वर केली.

"लिवलं."

"पेव लिवलंस?"

"मोठ्या अक्षरात, दादामियाँ."

म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि पुन्हा दावं वळायला घेतलं. लिहिलेल्या गोष्टीवर त्यांचा फार विश्वास. स्वतःला वाचता येत नव्हतं म्हणून असेल.

रविवारी सकाळी नऊला चौघं जुन्या गावात पोहोचली. ज्वारी छातीला लागत होती, ऊन कोवळं होतं, आणि मेहनाज नुसती फुलून गेली होती. सगळ्यांचे बूट तिनं स्वतः तपासले. श्रीनाथकडं बूट नव्हते, तर त्याला वडिलांचे फवारणीचे गमबूट घालून यायला लावलं. प्रत्येकाच्या हातात काठी. पिशवीत पट्ट्या, मलम, पाणी, रजिस्टर.

"मॅडम," निकिता म्हणाली, "सापांकडून आधी फॉर्म भरून घ्यायचाय का?"

"दगड उलटवायचा न्हाय! काठी आपटत चाला!"

"ही शाळेत मुकी होती तवाच बरी होती," सैफ म्हणाला. सगळे हसले, ती सगळ्यात जास्त.

एक जोतं सापडलं, वर उंबरठ्याचा दगड अजून शाबूत. निकिताला तिथंच पहिला शॉट दिसायला लागला. सैफला उंबरठ्यावर बसवलं. श्रीनाथ मोबाईल डोळ्यांपुढं धरून माप घेऊ लागला.

"अजून मागं," निकिता म्हणाली. "पूर्ण दार येऊ दे."

तो उलटा चालत मागं गेला. काठी त्यानं सैफकडं देऊन टाकली होती, दोन्ही हात मोबाईलला लागतात म्हणून.

"अजून."

वाळक्या गवतात काहीतरी कचकन मोडलं, आणि श्रीनाथ होता तिथं नुसती धूळ उरली.

तिघं धावली. जमिनीत एक गोल भोक होतं. परातीएवढं. त्यावर कधीतरी टाकलेल्या लाकडांचा भुगा झाला होता. खाली मोबाईलचा उजेड दिसत होता, दोन पुरुष खोल.

"आयला!" खालून आवाज आला. "जिवंत हाय रं! पाय मोडला वाटतं."

वर तिघांचा जीव भांड्यात पडला. निकिता रडत रडत त्याला शिव्या द्यायला लागली.

"मेहनाजमॅडम," श्रीनाथ ओरडला, "ह्यो धोका लिवला होता का?"

"थांब, उपाय लिहिते!" ती वरून ओरडली, आणि खरंच हसली. ते हसू पुढं तिला कितीतरी दिवस ऐकू येत राहिलं.

सैफनं ओढण्या मागितल्या. दोन ओढण्यांना गाठ मारेपर्यंत खालचा आवाज बदलला. "इथं कसंतरीच व्हायलंय," श्रीनाथ म्हणाला. जीभ जड झाल्यासारखं. "वास... झोप यायली."

"श्रीनाथ? ए श्रीनाथ!"

उजेड तसाच होता. आवाज नव्हता.

"मी उतरतो," सैफनं बूट काढले.

मेहनाज भोकाकडं बघत होती. आता धूळ बसली होती आणि काठ दिसत होता. काठाला घडीव दगड होते, एकाला एक लावून बसवलेले. हा खड्डा पडलेला नव्हता. कुणीतरी बांधला होता. तोंड अरुंद, आत पोट सुटलेलं, पुरलेल्या रांजणासारखं. आणि दादामियाँचं वाक्य तिच्या डोक्यात उलटं होऊन पडलं. पेवं हैत तिथं. पेवाचं पेव कसं फुटेल? किडे फुटतात, विंचू फुटतात; पेव ही तर वस्तू होती. जागा होती. आणि विंचू माणसांना रांगेत उभं करून मारत नाहीत. तीन माणसं. एकामागं एक. पहिला पडला. दुसरा त्याला काढायला गेला. तिसरा त्या दोघांना.

सैफचा एक पाय आत होता. तिनं त्याच्या कमरेला मिठी मारून त्याला मागं खेचलं आणि दोघं गवतात आपटली.

"उतरायचं न्हाय!"

"येड लागलं का तुला? सोड!"

"खाली हवा न्हाय, सैफ! तूबी झोपशील! तुझ्यामागं ही उतरंल!"

"माझा भाऊ हाय तो!" निकितानं किंकाळी फोडली. "सोड त्याला! सोड!"

मेहनाजनं एका हातानं सैफचा पाय धरला आणि दुसऱ्यानं फोन लावला. दादामियाँनी सगळं ऐकलं नाही. 'गोल तोंड' ऐकलं आणि ते ओरडले, "पेव हाय ते! कुनालाच उतरू देऊ नक्को! मी मानसं आनतो!"

निकितानं काठी उचलली. विंचवासाठी मेहनाजनंच दिलेली. तिनं ती मेहनाजच्या हातावर मारली, खांद्यावर मारली, परत हातावर मारली. मेहनाजनं सैफचा पाय सोडला नाही. नंतर सैफच रडायला लागला आणि त्यानं जोर करणं सोडलं. निकिता भोकाच्या काठाशी पालथी पडून भावाला हाका मारत राहिली, आणि मेहनाजनं मोकळ्या हातानं तिचाही घोटा पकडला. तशी तिघं अकरा मिनिटं होती.

मोटारसायकली आल्या. मागं दादामियाँ, काखेत वळलेल्या दाव्यांचं भेंडोळं. त्यांनी पहिल्यांदा कंदील सोडला. अर्ध्यात गेला आणि विझला. मग लिंबाचे डहाळे दाव्याला बांधून आत वर-खाली, वर-खाली, हवा घुसळायची म्हणून. कुणी त्याचसाठी पाण्याच्या घागरी ओतल्या. पुन्हा कंदील. तळापर्यंत तेवत राहिला तेव्हा विहिरी खणणारा व्यंकट कमरेला दावं बांधून उतरला. श्रीनाथला वर काढलं तेव्हा त्याच्या एका पायातला गमबूट निघून आला होता. उमरग्याच्या दवाखान्यात डॉक्टरांना फार वेळ लागला नाही.

पोलीस आले, कुमार सर आले, दादामियाँच्या ओसरीवर माणसं मावेनात. पेव म्हणजे काय, हे गावातल्या निम्म्या पोरांना त्या दिवशी कळलं. ज्वारी साठवायचं जमिनीखालचं कोठार. पूर्वी घरटी एक. भूकंपानंतर सगळं गाव उठलं, आणि पेवं तशीच राहिली, आत पावसाचं पाणी, कुजका पाला आणि कुजकी हवा.

"पोरांनी कुनाला इचारलं न्हवतं का?" हवालदारानं विचारलं.

मेहनाजनं तोंड उघडलं. तेवढ्यात दादामियाँ बोलले.

"मला इचारलं होतं सायब. म्याच सांगायचं इसरलो. भितडं सांगितली, काटे सांगितले. पेवाचं ध्यानातच न्हाय आलं. म्हातारपन."

त्यांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. आणि ऑगस्टपासून जिचं तोंड बंद झालं नव्हतं ती पोरगी, प्लास्टर घातलेला हात मांडीवर घेऊन, गप्प बसली.

त्यानंतरचे दिवस काही केल्या सरेनात. गाव तिला शाबासकी द्यायला लागलं, हेच सगळ्यात वाईट. "पोरगी आडवी पडली म्हनून एकच गेला, न्हाईतर तिघं जात व्हती," बायका पाण्याच्या टाकीपाशी म्हणायच्या. कुमार सर शौर्याच्या प्रमाणपत्रासाठी नाव पाठवणार होते. आणि दादामियाँ? बैलवाले त्यांच्याकडं दावं मागायला यायचे बंद झाले. मशिदीत ते मागच्या रांगेत बसायला लागले. श्रीनाथचे वडील वीरभद्रअप्पा आणि ते एकाच वयाचे नसले तरी एका चिलमीचे दोस्त. अप्पा आता समोरून आले की रस्ता बदलायचे. "डोळ्यादेखत तीन मेले आन् ह्यो इसरतो व्हय!"

"तुमी खोटं का बोललात?" तिनं एकदा विचारलं.

"मला किती दिवस राह्यलेत बेटी," ते म्हणाले. "तुला लई हैत." आणि हातातल्या दाव्याला पीळ देत बसले. कुणी घेणार नव्हतं तरी.

पान फाडता आलं असतं. रजिस्टर कुणी मागितलंच नव्हतं. एका रात्री तिनं ते पान दोन बोटांत धरूनही पाहिलं होतं.

सोळाव्या दिवशी शाळा सुटल्यावर ती निकिताच्या दारात उभी राहिली. निकिता उंबऱ्यात आली, तिच्या मागं घर अंधारं होतं.

"काय हाय?"

मेहनाजनं ते पान उघडून रजिस्टर पुढं केलं. निकितानं एकदा वाचलं. मग परत वाचलं.

"पेव म्हंजे विंचू?"

"दादामियाँनी नीट सांगितलं होतं. ते इसरले न्हाईत. मला कळलं न्हाय, आन् म्या इचारलं न्हाय."

निकितानं 'विंचू' या शब्दावर बोट ठेवलं. "सहामाहीत मलाबी दोनपैकी दोन व्हते," ती म्हणाली. मग आवाज बारीक झाला. "तो बोलत होता तवाच सैफ उतरला असता तर?"

"मला ठाव न्हाय."

"खरं सांग."

"खरंच ठाव न्हाय, निकिता."

निकितानं तिच्या प्लास्टरकडं बघितलं. माफ केलं असं काही तिच्या तोंडावर नव्हतं, आणि मेहनाज ते मागायला आलीही नव्हती. निकितानं रजिस्टर छातीशी धरलं, आत गेली आणि दार लोटून घेतलं.

मेहनाज अंगणात उभी राहिली. जावं की थांबावं, तिला समजेना. मग आतून आवाज आला. निकिता वडिलांना वाचून दाखवत होती, शाळेत धडा वाचावा तशी, एकेक रकाना.

"ठिकाण, जुनं गावठाण. धोका, पेव. कंसात विंचू, किडे वगैरे. उपाय, सर्वांना बूट, हातात काठी. कुणाला विचारलं..."

तिथं आवाज अडला. आत कुणीतरी खाट सोडून उठल्याचं ऐकू आलं.

"वाच की फुडं," वीरभद्रअप्पा म्हणाले.