आधी वाचा

“काका, नुसतं ‘परवानगी द्या’वर दाबा. सगळं जग दाबतं,” पुतणी फोनवर काकुळतीला आली होती.

“जग दाबत असेल. इथे लिहिलंय, ‘तुम्ही उघडलेल्या सर्व पानांवरची माहिती वाचणे व बदलणे.’ वाचणं समजलं. बदलणं कशाला?”

“ते असंच लिहितात हो.”

“असंच कोणी काही लिहीत नाही,” काका म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

खरं तर चूक पुतणीचीच. जो माणूस अठ्ठावीस वर्षं इस्पितळाच्या खिडकीत बसून शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रांवर सह्या घेत आला होता, त्याला ती न वाचता दाबायला सांगत होती. घाईघाईत केलेली सही काका तिथल्या तिथे परत करत. समोरचा चिडो, रडो, कोरा अर्ज त्याच्यापुढे सरकायचा आणि काका शांतपणे म्हणायचे, “आधी वाचा.” अख्खं इस्पितळ त्यांना मागून ‘आधीवाचा’ म्हणायचं. काकांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

आता मात्र त्यांचंच घोडं अडलं होतं. काकूंनी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर ज्वालामुखीचे शेकडो छेद काढले, लाल खडूने लाव्हा वाहवला, पण खरा ज्वालामुखी काही पाहिला नाही. येत्या वाढदिवसाला काका तो दाखवणार होते, आणि तोवर काकूंना कुणकुणही लागू द्यायची नव्हती. घरात संगणक एकच. काकू संध्याकाळी फिरायला जात तेवढा एक तास काकांचा. त्या तासात त्रेचाळीस टॅब उघडायचे: कोणता ज्वालामुखी शांत आहे, कोणता नुसता धुमसतो, कोणत्यावर दुखरे गुडघे घेऊन चढता येतं. काकूंची चाहूल लागली की सगळे बंद, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून शोधाशोध. परवा एक उघडाच राहिला.

“हे गंधकाचं काय वाचताय?” काकूंनी विचारलं होतं.

“त्वचेला चांगलं असतं,” काकांनी ठोकून दिलं. त्यानंतर दोन दिवस काकू त्यांच्या हातापायांकडे निरखून पाहत होत्या.

म्हणून पुतणीने हे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायची एक छोटी सोय, सुचवलं. बटण दाबलं की सगळे टॅब एका यादीत जाऊन बसणार, पुन्हा दाबलं की जसेच्या तसे बाहेर.

काकांनी त्याचे गोपनीयतेचे नियम छापून काढले. अकरा पानं भरली. मग पेन घेऊन बसले. कलम पटलं की खूण, नाही पटलं की समासात प्रश्न. ‘बदलणे’चा उलगडा तिसऱ्या पानावर झाला: वाचता वाचता जिथे थांबलात, पान तिथेच उघडून द्यायचं होतं म्हणे. ठीक. सातव्या पानावर मात्र काकांना घाम फुटला. ही यादी त्यांच्या खात्यावरच्या सगळ्या उपकरणांवर आपोआप दिसणार होती. काकूंचा टॅबलेट त्याच खात्यावर होता.

“नको असेल तर खूण काढून टाका, असं लिहिलंय,” त्यांनी पुतणीला लगेच फोन करून ऐकवलं. “अगदी बारीक अक्षरात.”

“बरं झालं वाचलंत, काका.”

काकांची छाती दोन इंच फुगली. त्यांनी खूण काढली, मग परवानगी दिली, मग बटण दाबलं. त्रेचाळीस ज्वालामुखी एका झटक्यात गुडूप झाले. काका शीळ घालत चहा करायला गेले.

दोन कप घेऊन बाहेर आले तर काकू फिरायच्या बुटांसकट टेबलाशी बसलेल्या. हातात सातवं पान. त्याच्या समासात काकांचं ठसठशीत अक्षर: ‘म्हणजे हिलाही दिसणार? हिला अजिबात कळता कामा नये.’

काका कप धरून उभेच राहिले. इतकी वर्षं जगाला वाचायला लावलं, आणि आज नेमकं हेच वाचलं गेलं होतं.

“मला काय कळता कामा नये?”

“आत्ता नाही सांगता येणार.”

“तब्येतीचं काही?”

“छे गं. गुडघे सोडले तर ठणठणीत आहे.”

“मग कधी कळेल?”

“वाढदिवसाला.”

गृहपाठ विसरलेल्या मुलाकडे पाहावं तसं काकूंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग वही तपासायचं लाल पेन उचललं आणि त्यांच्या ओळीखाली लिहिलं: ‘मला कळू नये, याला माझी संमती आहे.’ खाली सही, तारीख.

“कशावर सही करतेयस ते माहीत नसताना चालत नाही,” काका म्हणाले.

“मग करा परत,” काकू म्हणाल्या आणि आपला कप ओढून घेतला.

काकांनी कागद परत केला नाही. चार घड्या घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. त्यांना इतका आनंद झाला होता की चहात साखर नाही हे दोन घोट घेतल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या खिडकीशी कुणा रुग्णाचा घाईतला जावई आला, न पाहता सही ठोकून निघाला. काकांनी त्याला मागे बोलावलं आणि कोरा अर्ज पुढे सरकवला.

“आधी वाचा,” ते म्हणाले. जावई कुरकुरत वाचायला लागला, आणि त्याचं वाचून होईपर्यंत काका खिशावर हात ठेवून बसून राहिले.